काळ्या कोंबडीचा आळ

मी पिसतारा बोलतोय. पाखरू नाही, झाडही नाही, तारामाशाचा चुलतभाऊ. जगातल्या सगळ्या समुद्रांत आमचं गणगोत पसरलंय. कुणी पिवळे, कुणी लाल; कुणाला पिसांसारखे दहा हात, कुणाला शंभरावर. कुणी उथळ पोवळ्यांवर बसतात, तर कुणी उजेड न पोचणाऱ्या थंडगार तळाशी. हात तुटला तर आम्हाला नवा फुटतो. मी अंदमानचा, काळा. माणसांवर माझा पहिल्यापासून भरवसा नाही.

धनेश समुद्राची पाहणी करणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी. जाळ्यात सापडून मी मेलो, तेव्हा त्याने मला स्पिरिटच्या बाटलीत घालून आपल्या गावी शेणव्याला आणलं, नव्या बायकोसाठी, काजलसाठी. तिने लाजून मला ट्रंकेमागे ठेवलं. तो बोटीवर परतला.

आमच्या अंगाचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो. माझाही उतरला आणि बाटली लालभडक झाली. इकडे सासूची, म्हणजे बाईजाची, काळी कोंबडी बरेच दिवस दिसेना. शोधता शोधता तिच्या हाती मी लागलो.

"काजल, ही काय गो? माझी कोंबडी मारून कुणावर करणी केलीस?"

"आई, ही पिसं नायत. समुद्रातला जीव हाय. ह्यांनीच दिला."

"समुद्रात काय कोंबड्या असतात?"

शेजारची सकुबाई डोकावून गेली. घरी जाऊन तिने आपल्या कोंबड्या टोपलीखाली डालल्या. धनेशचा फोन लागेना. बाईजाने कसाऱ्याहून काजलच्या भावाला बोलावून घेतलं, "बहिणीला घेऊन जा." काजलने रडत रडत पिशवी भरली. मला भयंकर राग आला, पण बाटलीतून बोलणार कसा?

सकाळी तो भाऊ, भगीरथ, दारात येऊन उभा राहिला, आणि पेंढ्याच्या उडवीमागून काळी कोंबडी बाहेर आली. मागे पिल्लांची रांग. अंड्यांवर बसली होती बया!

बाईजाने पिल्लं मोजली. मग म्हणाली, "ऱ्हा गो. भावाला चहा ठेव."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात तिने बाटली उजेडात धरली. "मंग ह्यात रगत कुणाचं?"

काजलने चहा ठेवला. भगीरथ एकटाच परत गेला.

धनेश, लवकर घरी ये बाबा. आल्यावर मला बघू नकोस. आधी खुंटीकडे बघ. काजलची पिशवी तिथे टांगलीय, अजून भरलेलीच.