जाळीपलीकडचा टोला

मित्रांनो, मी एक जुना ड्रायव्हर आहे. मोटार चालवणारा नव्हे! गोल्फच्या खेळात पहिला, लांबचा टोला ज्या काठीने मारतात, तिला ड्रायव्हर म्हणतात. सौंसरजवळच्या बोरगावात, एका शेतकऱ्याच्या देवघरात मी कोपऱ्याला टेकून उभा असतो. माझ्या कपाळावर हळदीकुंकू आहे. इथून हलायची मला सोय नाही.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. लाकडाचे गोल डोके, त्यात रुतवलेला लोखंडी दांडा, मानेभोवती घट्ट दोरा आणि तोंडावर लाल पट्टी. दिसायला मी देखणा होतो, हे मीच सांगतो, कारण आता दुसरे कोणी सांगत नाही. त्यातून मी डावखुरा. शंभर काठ्यांत एखादीच तशी निघते. नागपूरच्या दुकानातून खास मागणी आली, म्हणून मला आणि माझ्या दोन भावांना तिकडे धाडले.

मागणी होती जयश्रीची. तिचे वडील हवालदार वामनराव कन्हान नदीकाठच्या कामठी छावणीतल्या गोल्फच्या मैदानाची देखरेख करायचे. तिथे लोकांच्या उजव्या काठ्या उलट्या धरून ही डावखुरी मुलगी खेळ शिकली होती. बारावी झाल्यावर वडिलांनी तिला स्वतःचा ड्रायव्हर घेऊन द्यायचे ठरवले. ब्याऐंशी सालची ही गोष्ट.

दुकानामागच्या अंगणात दोरीची जाळी टांगली होती. जयश्रीने आधी माझ्या थोरल्या भावाला उचलले. तो तिला जड झाला. धाकटा हलका होता, पण फिरवताना वळवळायचा. मग मला हातात घेतले आणि ती हसली. म्हणाली, "बाबा, हा माझं ऐकते."

दुकानातल्या गुणवंता मिस्त्रीने तिच्या मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतले आणि माझा दांडा वरून कापला. तिची बोटे बारीक, म्हणून मुठीचे चामडे सोडून पुन्हा पातळ गुंडाळले. माझ्या तोंडाला खडू लावून तिला जाळीत चेंडू मारायला सांगितले. खडूवरचा डाग कडेला उमटला. त्याने माझ्या तळाची पितळी पट्टी उघडून आत शिसे भरले, पुन्हा मारायला लावले. असे दुपारभर चालले. शेवटी डाग बरोबर मधोमध आला.

"आता हा तुह्याच हातचा झाला पोरी," गुणवंता म्हणाला. "दुसऱ्याच्या हाती हा चालणार नाई."

मी फुगून गेलो. त्या दिवशी मारलेला प्रत्येक चेंडू जाळीत अडकून खाली पडला होता, पण मला त्याची फिकीर नव्हती. मैदान आता दूर नाही, असे मला वाटत होते.

मैदानाआधी लग्न आले. बोरगावच्या मोरेश्वरचे स्थळ चालून आले. संत्र्याची बाग, घरी फक्त आई. महिन्याभरात बार उडाला. जुन्या लुगड्यात गुंडाळून मीही सासरी आलो.

आठवडाभराने जयश्रीने मला अंगणात काढले आणि गळून पडलेल्या एका हिरव्या संत्र्यावर नेम धरला. तेवढ्यात कुंपणावरून शेजारीण खिदळली, "देवकाबाई, तुमची सून तं इट्टीदांडू खेळून राहिली वं!" झाले. सासूबाई देवकाबाई बाहेर आल्या. स्वभावाने वाईट नव्हत्या, पण चारचौघांत हसे झालेले त्यांना खपत नसे. "नवी सून अशी काठी फिरवते का? ठेव ते तिकडे."

तिकडे म्हणजे टिनाच्या शेडात, संत्र्यांच्या खोक्यांमागे.

मित्रांनो, उन्हाळ्यात टिनाखाली काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. माझे लाकूड सुकत गेले, मानेचा दोरा सैल पडला. खोके आणण्याच्या निमित्ताने जयश्री कधीकधी यायची. दार लोटून मला हातात घ्यायची, पाय रोवून उभी राहायची. पण वर छपराची आडवी बल्ली होती. हात खांद्याच्या वर जात नसत. ती तशीच थोडा वेळ उभी राहून मला परत ठेवायची. मला फार कोंडल्यासारखे व्हायचे. तिलाही होत असावे.

वर्षातून एकदा मात्र मला बाहेर काढत. खांडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, पावडी मांडून देवकाबाई पूजा करायच्या. पहिल्याच वर्षी त्या म्हणाल्या, "हत्यारच हाये ना ते बी? आण इकडे." मला हळदीकुंकू लागले, झेंडूचे फूल मिळाले. दसरा झाला की पुन्हा शेड.

असे तीन उन्हाळे गेले. मग एका बुधवारी वामनराव आले. चहा घेताना भीत भीत म्हणाले, "विहीणबाई, रविवारी कामठीला बायकांचा सामना ठेवला हाये. जयश्रीले नेऊ का?"

मोरेश्वर आईकडे पाहू लागला. जयश्री दाराआड उभी होती. देवकाबाईंनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तीन वर्सांत पोरीनं तोंडानं काई मांगतलं नाई. घेऊन जा तिले."

जयश्री धावतच शेडात आली. मला हलवून पाहिले, तर माझे डोके खुळखुळ वाजले. "काही नाही, गुणवंताकडून शनिवारी बसवून घेऊ," असे वडिलांना सांगून तिने मला ओसरीवर ठेवले आणि शुक्रवारी ती मोरेश्वरसोबत सौंसरच्या बाजारात गेली.

देवकाबाईंनी मला सहज उचलले. खुळखुळ त्यांनाही ऐकू आली. सून एवढ्या हौसेने चालली आहे आणि तिचे हत्यार ढिले! कुऱ्हाड ढिली झाली की आपल्याकडे काय करतात? पाण्यात बुडवून ठेवतात. दांडा फुगतो आणि पाते घट्ट बसते. त्यांनी मला बैलांच्या टाक्यात घातले, वर तरंगू नये म्हणून गोटा ठेवला.

पण कुऱ्हाडीत लाकूड आत असते आणि लोखंड बाहेर. माझ्यात लोखंड आत आणि लाकूड बाहेर. मी ओरडून सांगितले असते, पण आमची बोली माणसांना ऐकू येत नाही.

सकाळी त्यांनी मला बाहेर काढले, कोरडे पुसले, वर शेंगदाण्याचे तेल चोळले. माझे डोके फुगून दांड्याला चिकटले होते. मान उभी चिरली होती, लाल पट्टी जागा सोडून वर आली होती.

"पाह्य वं जयश्री, आता वाजते का? रातभर पाण्यात ठेवलं म्या."

जयश्रीने मला हातात घेतले. तिचा अंगठा माझ्या मानेच्या चिरेवर थांबला. तिने सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो चेहरा इतका आनंदला होता!

"नाही आई," ती म्हणाली. "एकदम घट्ट बसलं."

मोटारीत ती मला मांडीवर घेऊन बसली. नागपूरला गुणवंताने मला पाहून फक्त मान हलवली. एक चेंडू लागला असता तरी मी दुभंगलो असतो. दुसरी डावखुरी काठी एका दिवसात कुठून यायची? रविवारी बायका खेळल्या. जयश्री निंबाच्या सावलीत मला घेऊन बसली. चेंडू उडताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. मला कोणी मारले नाही, तरी फार दुखले.

घरी देवकाबाई दारातच उभ्या होत्या. "खेळली का वं?"

"खेळली ना आई. पहिलाच टोला निंबाच्या झाडापर्यंत गेला."

देवकाबाईंनी सगळ्या बोरगावात ती गोष्ट सांगितली. कुंपणापलीकडच्या शेजारणीला तर दोनदा! आणि मला शेडातून काढून मानाने देवघरात आणले. आता सुनेला त्या कधी अडवत नाहीत. "पुन्हा जाशीन तवा सांग," म्हणतात. जयश्री "हो" म्हणते आणि पोळ्या लाटू लागते.

मित्रांनो, एखाद्याला वर्षानुवर्षे कोंडून ठेवू नका. आणि कधी दया आलीच, तर त्याला काय हवे ते आधी विचारा. मला पाणी नको होते.

दर खांडेनवमीला हळदीचे बोट माझ्या कपाळाला लावताना देवकाबाई विचारतात, "किती दूर गेलता वं तो टोला?" जयश्रीचे उत्तर दरवर्षी थोडे पुढे सरकते. आधी निंबाचे झाड होते, मग छावणीची भिंत झाली. यंदा तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिले.

"कन्हान नदीच्या पार, आई," ती म्हणाली. "मग दिसलाच नाही."