दोन इंचांची चढण

गल्लीतल्या निम्म्या पुरुषांच्या खांद्यांची मापं मास्तरांना तोंडपाठ होती. शिलाईचं दुकान बंद केल्यावर त्यांनी घरामागे, खाली एक आणि वर एक अशा दोन खोल्या स्वतःच्या हातांनी बांधायला घेतल्या, तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. शेजारचा गवंडी तर कुंपणावर रेलून रोज विचारायचा, "मास्तर, भिंतीला शिलाईची माया किती सोडलीत?"

"चुकलं तर उसवू," मास्तर म्हणायचे.

बायकोने जन्मभर त्यांच्या हाताखाली काजं-बटणं केली होती. आता तिने वाळू चाळली, विटा भिजवल्या, सिमेंटने बोटं फाटली तर खोबरेल लावलं. स्लॅबच्या दिवशी तेवढी गवंड्याची माणसं आली. बाकी सगळं दोघांचं. वरच्या खोलीचा कोबा दोघांनी गुडघ्यांवर बसून घोटला, मागे सरकत सरकत खिडकीपर्यंत आले आणि बाहेर लावलेल्या शिडीवरून उतरले, तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की आपला चष्मा आत कोपऱ्यातल्या कोनाड्यात राहिला. दोन दिवस ते आंधळ्यासारखे चाचपडत होते आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी जेवून आडवे झालेले मास्तर उठले नाहीत.

त्यानंतर ती रोज सकाळ-संध्याकाळ नव्या भिंतींवर पाणी मारत राहिली. भिंती केव्हाच पक्क्या झाल्यात, असं गवंड्याने समजावलं. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली भरली. रडून मोकळी हो, असं शेजारणींनी सांगितलं. तिने प्रयत्नही करून पाहिला. डोळे कोरडेच राहिले. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी जिभेला कळेना.

लेक फोनवर स्पष्ट बोलली होती. शाळा सुरू व्हायच्या आत वरची खोली तयार झाली तर ती, जावई आणि नात इथे राहायला येतील. नाहीतर घराला कुलूप लावून आईने तिकडे यायचं, एकटं राहायचं नाही. तिकडे म्हणजे दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलामागे घातलेली एक खाट. तिला ते ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही आतून काही हलत नव्हतं. एवढंच कळत होतं की जायचं नाही.

राहिलं होतं ते एकच काम. वरच्या मजल्यावर जुन्या घराची भिंत फोडून नव्या खोलीत दार काढायचं. गवंड्याने एका सकाळी ती भिंत फोडली आणि घमेलं खाली ठेवून तसाच उभा राहिला. नवी जमीन जुनीपेक्षा दोन इंच वर होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. जुन्या मजल्याची दहा फुटांची उंची मास्तरांनी घराच्या नकाशावरून घेतली आणि भिंतीवर मोजली ती आपल्या कापडी टेपने. नळीत पाणी भरून पातळी बघा, असं गवंड्याने तेव्हाच सांगितलं होतं. मास्तरांना तो टेपचा अपमान वाटला होता. गवंड्याने आता आपली पोलादी टेप मास्तरांच्या टेपशेजारी पसरली. चाळीस वर्षं ओढून ओढून कापड पाच फुटांत जवळजवळ इंचभर ताणलं गेलं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही सगळे ढगळ कपडे घालून फिरलो की काय, वहिनी?"

"नाही," ती म्हणाली. "माप ह्याच टेपने घ्यायचे, कापायचेही हिनेच. कपडे अंगावर बरोबर बसायचे."

गवंड्याने खोलीभर नजर फिरवली. खोलीतल्या खिडक्या चौकटींत चपखल होत्या, फळ्या कोनाड्यांत. खोलीचं खोलीशी जुळलं होतं. अडलं होतं ते फक्त जुन्या घराशी. त्याने उपाय सांगितला. कोबा दोन इंच फोडून काढायचा, पुन्हा घालायचा, वाळू द्यायचा. पंधरा दिवस. शाळा सहा दिवसांवर होती.

तिने पदर खोचून पाय उचलला आणि नव्या खोलीत गेली. आजवर इथे ती शिडीवरूनच आली होती. खिडकीशी जाऊन परत फिरली, दारातून सवयीने पाऊल टाकलं, आणि पायाला जमीन मिळाली नाही. दोनच इंच, पण हिसका टाचेपासून जबड्यापर्यंत गेला. ती मटकन खाली बसली. घशातून आवाज निघाला. तिला तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

गवंडी पाणी आणायला धावला. लागलं का, विचारलं. तिने डोळे पुसले, ओल्या हाताकडे पाहिलं.

"फोडू नका. चौकट बसवा."

मग तिने तिथूनच लेकीला फोन लावला. खोली तयार आहे, पण दारात दोन इंचांची चढण आहे आणि ती तशीच राहणार. लेक म्हणाली, तुझे गुडघे, पोरगी धावत येईल, पडेल. तिने ऐकून घेतलं.

"पहिल्यांदा मीच पडले," ती म्हणाली. "आता कळलं. तिलाही कळेल."

मग लेकीने विचारलं, "बाबांनी केलीय ती जमीन?"

"दोघांनी."

"बरं. रविवारी टेम्पो सांगते."

गवंड्याने चौकट उभी केली, वरून ओळंबा सोडला. तो डुलत होता. ती भिंतीला टेकून उठली आणि तो थांबेपर्यंत दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिली.