रंगूच्या बेंजोचा स्वच्छ आवाज

व्हिडिओवाल्या मितेशने कॅमेरा थेट स्पीकरच्या भिंतीसमोर लावला आणि येसाजीने कपाळावर हात मारला. माईक कॅमेऱ्याच्याच डोक्यावर. तोफेच्या तोंडात कान घालून "ऐकू येतंय" म्हणणाऱ्यातला हा प्राणी. दहा लग्नं शूट केली की माणूस गळ्यात पट्टा घालून फिरतो. अक्कल घरी चार्जिंगला.

येसाजी रंगूच्या बेंजो पार्टीचा माईकवाला. पन्नाशी आली तरी कुणाची फजिती दिसली की त्याला गुदगुल्या व्हायच्या. आज रेवदंड्याच्या हळदीत मात्र रंगूचा जीव टांगणीला होता. त्याच्या सासुरवाडीची पालखी गेल्या साली म्हसळ्याच्या पार्टीने वाजवली. जावई घरचा आणि बाजा बाहेरचा! पंगतीत सासवांनी विचारलं, "जावईबापू, वाजवायचं सोडलंत काय?" यंदा ठरवणारा मेव्हणा माधव. तो म्हणाला, "भावोजी, व्हिडिओ धाडा. गावकीला ऐकवतो, मग बघू."

"चेक करा रे!" मितेश ओरडला.

पार्टीच्या पोरांनी चेक दिला तो नव्या नवरीने पोळपाट वाजवल्यासारखा. चेकला हात राखायचे, ही बेंजोवाल्यांची जुनी खोड. मितेशने त्या आवाजावर रेकॉर्डिंगच्या पातळीचा काटा लावला, अंगठा दाखवला, आणि खरं गाणं सुरू झालं तशी नारळीवरची वटवाघळं उडाली. नंतर मोबाईलवर ऐकलं, तर मिक्सरमध्ये खिळे घातल्यासारखी नुसती घरघर.

"माईक खराब हाय," मितेश म्हणाला.

"माईक न्हाय रे, माईकमागचा खराब हाय," येसाजी म्हणाला. "आण इकडं."

त्याने माईक उचलून पार मागच्या नारळीला बांधला, खाडीचा वारा लागू नये म्हणून त्यावर मितेशचाच मोजा चढवला. मोज्याच्या वासाने माईक बेशुद्ध पडेल, एवढीच काय ती भीती. मग पोरांकडे जाऊन हळूच म्हणाला, "कुंपणापलीकडं म्हसळ्यावाले बसलेत. तुमचा चेक ऐकून हसतायत."

कुंपणापलीकडे एक म्हैस होती. पण पोरं पेटली. ताशा असा कडाडला की हळदीची परात उलटली. "आता उतरव काटा!" येसाजीने मितेशचं मानगूट धरलं. "ह्याच्यावर लाव. खरं वाजवताना ह्याहून वर जाणार न्हाय."

दुसरं रेकॉर्डिंग झालं. सगळे मोबाईलभोवती जमले. ढोल वेगळा, ताशा वेगळा, एकेक तार सुटी सुटी ऐकू आली.

आणि तिथंच घोटाळा उघडा पडला.

रंगूचा बेंजो गाण्याच्या मागे लंगडत चालला होता. कॅसिओवाला विपुल तर भलत्याच सुरात होता. गेली कित्येक वर्षं, गडगडाटाच्या आड, सुखात.

"हे... आम्ही वाजवतो?" विपुलने विचारलं.

"न्हाय, ती कुंपणामागली म्हैस वाजवते," येसाजी म्हणाला. त्याच्या पोटात हसू मावेना.

रंगूचा चेहरा उतरला. "येसा, हे सासरी गेलं तर मी पंगतीत बसायचा कसा? पहिलं धाड."

"बरं," म्हणत येसाजीने माधवला दुसरंच धाडलं. एवढा खटाटोप केला तो काय घरघर पाठवायला? शिवाय रंगूचं तोंड बघायची संधी.

थोड्या वेळाने माधवचा व्हॉइस मेसेज आला, मागे गावकीचा गलका. "भावोजी, ऐकलं सगळ्यांनी. जोर न्हाय हो ह्याच्यात. म्हसळ्यावाल्यांनी खिडक्या हलवल्या होत्या."

बेसूर एकाच्याही कानाला लागलं नव्हतं! रंगूने येसाजीच्या हातातून मोबाईल हिसकावला. "तू दुसरं धाडलंस? माझी पालखी घालवलीस, हरामखोरा!" आणि त्याने स्वतः पहिली घरघर पाठवली.

उत्तर लगेच आलं. "हां! आता बाजा वाटतो. मोबाईल हातात नाचला, भावोजी. पालखी तुमची."

पोरांनी रंगूला खांद्यावर घेतलं. मितेश गळ्यातला पट्टा नीट करत येसाजीजवळ आला. "काका, म्हणजे माझंच बरोबर होतं ना?"

येसाजीने नारळीवरच्या माईकचा मोजा ओढून काढला आणि त्याच्या हातात कोंबला. तेवढ्यात खांद्यावरून रंगू गरजला, "येसा! पालखीला आणखी दोन स्पीकर लाव!"

"चार लावतो," येसाजी म्हणाला. "बहिऱ्यांच्या गावाला दोन कसे पुरतील?"