थोरलीने निवडलेलं नाव

दुकानात त्याला सगळे लेखक म्हणायचे. दिवसभर लिहायचं काम, म्हणून लेखक. लिहायचा तो केकवर. वर नाव, खाली शुभेच्छा, जागा उरली तर कोपऱ्यात एखादं फूल, आणि संध्याकाळपर्यंत सगळं कुणाच्या तरी पोटात. आपल्याइतका खपणारा लेखक दुसरा नाही, असं तो स्वतःच म्हणायचा आणि आपल्या विनोदाला आपणच आधी हसायचा.

हात मात्र खरोखर देखणा होता. क्रीम भरलेला कागदाचा कोन बोटांत धरला की अक्षर न थांबता, न थरथरता उतरायचं. जीभ तेवढी सैल होती. दिवसभर नावं लिहायची आणि दिवसभर नावं ठेवायची, असा त्याचा दुहेरी धंदा. गिऱ्हाईक नाव सांगून बाहेर पडलं की हा भट्टीवाल्याकडे बघून भुवई उडवायचा, भट्टीवाला खो खो हसायचा, आणि काउंटरवरची मुलगी ओढणी तोंडाला लावायची.

त्या वर्षांत मुलींचं एक नाव असं काही फोफावलं होतं की विचारू नका. कुठलं, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी त्या नावाची भाची नाहीतर पुतणी निघेल, आणि मला भांडणं नकोत. बागेत जाऊन मोठ्याने ती हाक मारली तर घसरगुंडीवरची, झोपाळ्यावरची आणि वाळूतली अशा तिघी एकदम वळतील, एवढं सांगितलं तरी पुरे.

दुकानात त्या नावाची वेगळी सोय होती. बाकीची नावं मागणी आल्यावर लिहायची. हे नाव मात्र लेखक सकाळी आल्या आल्या चॉकलेटच्या छोट्या पाट्यांवर लिहून ठेवायचा. ट्रे भरला की काउंटरजवळच्या काचेच्या फ्रीजमध्ये. गिऱ्हाईकाने नाव सांगितलं की पाटी उचलायची आणि केकवर टेकवायची. एकदा एक बाप मुलीचं नाव सांगताना लाजत लाजत म्हणाला, "जरा कॉमन आहे." लेखक म्हणाला, "कॉमन कसलं साहेब, तयार मिळतं. मापात बसतंय का तेवढं बघून घ्या." बाप कसनुसा हसला. दुकान आठवडाभर हसलं.

ज्या पाट्यांना तडा जायचा, त्या कागदात गुंडाळून लेखक घरी न्यायचा. त्या त्याच्या थोरल्या लेकीच्या. थोरली पहिलीत होती, पण त्याच्याही आधी ती वाचायला शिकली ती या पाट्यांवर. पाटी तोंडात टाकण्याआधी ती प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवायची. स्वतःच्या नावाआधी तिला ते नाव वाचता आलं. तेव्हा लेखकाला याचं फार कौतुक वाटलं होतं.

मग बायकोला पुन्हा दिवस गेले. घरात बाळ येणार म्हटल्यावर थोरलीने जेवण टाकलं, रुसून पलंगाखाली जाऊन बसली. लेखक जमिनीवर आडवा झाला आणि पलंगाखाली तोंड घालून म्हणाला, "बाळाचं नाव तू ठेवायचंस. तू म्हणशील ते. बास?"

रुसलेलं पोर पलंगाखालून बाहेर काढायला माणूस काहीही कबूल करतो. पण थोरलीने ते मनावर घेतलं. तिने कुणाला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. बाळ घरी आलं, बहीण आहे हे तिने स्वतः दुपटं उघडून पाहून घेतलं, आणि ते नाव सांगितलं.

लेखक गडबडीने म्हणाला, "अगं, दुसरं बघूया की एखादं. तुझ्याच वर्गात त्या नावाच्या चार असतील."

"तीनच आहेत," थोरली म्हणाली. "आणि बाबा, तू तेच नाव सगळ्यात छान काढतोस. रोज काढतोस. तुला आवडतं म्हणून मी तेच ठेवलं."

बायको हसली, तिचे डोळे भरून आले. रात्रीच्या दुधाच्या वेळी लेखकाने तिच्याकडे विषय काढून पाहिला. ती म्हणाली, "मला आवडलंय नाव. आणि शब्द तू दिलायस, मी नाही." विषय मिटला. बाळाचं नाव तेच ठरलं. तेव्हापासून लेखक त्या मुलीला बाळ म्हणायचा, चिमणे म्हणायचा, ठमाबाई म्हणायचा. नाव काही त्याच्या तोंडातून निघेना.

रजा संपवून तो दुकानात गेला, तर सगळे वाटच बघत होते. भट्टीवाला हात पुसत बाहेर आला. "काय ठेवलं नाव? आम्हाला उच्चारता येणार नाही असंच असणार काहीतरी."

लेखकासमोर सकाळचा ट्रे होता. पाट्यांवरची अक्षरं अजून ओली होती. त्याला फक्त बोट दाखवायचं होतं. पण त्याला भट्टीवाल्याच्या गालावर आत्ताच गोळा होऊ लागलेलं हसू दिसलं, काउंटरवरच्या मुलीची ओढणी दिसली, आणि त्याने भलतंच नाव सांगितलं. भारदस्त, जोडाक्षरांचं, कुणी न ऐकलेलं. असं एखादं नाव त्याने मनात कधीपासून जपून ठेवलं होतं.

"वा!" मालकीणबाई म्हणाल्या. "शेवटी लेखकाची मुलगी ती." लेखकाने मान तुकवली. इतकं सोपं गेलं की त्याची त्यालाच शरम वाटली. पण ती दुपारपर्यंतच टिकली. मग कामाची गर्दी झाली.

घर आणि दुकान वेगवेगळं ठेवलं की खोटं सांभाळता येतं, असं त्याला वाटत होतं. आलंही असतं. पण एके दिवशी बाळाला लस टोचायला न्यायचं होतं, आणि बायको म्हणाली, "आज शाळा सुटल्यावर थोरलीला तू दुकानात घेऊन जा. मी तिकडून परस्पर घरी येते."

शाळेपासून दुकानापर्यंतचा रस्ता फार मोठा नव्हता. लेखकाने वाटेत कितीदा तरी घसा साफ केला. दुकानात कुणी बाळाचं नाव विचारलं तर, इथवर वाक्य मनात जुळायचं, पुढे जुळायचं नाही. पोरीला काय सांगणार? की तू दिलेलं नाव मी लपवलंय? शेवटी तो एवढंच म्हणाला, "तिथे फार बडबड करायची नाही हं. कामाची जागा आहे."

"मी कुठे बडबड करते?" थोरली म्हणाली आणि उड्या मारत पुढे गेली.

दुकानात पोरीचं केवढं स्वागत झालं! भट्टीवाल्याने तिला उचलून काउंटरवर बसवलं. काउंटरवरच्या मुलीने तिच्या हातात बिस्किट दिलं. लेखक मुद्दाम मागे गेला, एप्रन बांधत रेंगाळला. बाहेर आला तेव्हा मालकीणबाई एक खोका घेऊन उभ्या होत्या.

"बाळाला आमच्याकडून," त्या म्हणाल्या. "आणि नाव मी स्वतः लिहिलंय. तुझ्याच बाळाचा केक तुझ्याकडूनच कसा लिहून घ्यायचा? हसू नकोस माझ्या अक्षराला."

झाकण उघडलं. पांढऱ्या क्रीमवर गुलाबी, वाकडंतिकडं, जीव लावून काढलेलं ते जोडाक्षरांचं नाव. जागा पुरली नव्हती म्हणून शेवटचं अक्षर कडेवरून खाली घसरलं होतं.

थोरली वाचू लागली. एकेक अक्षर बोटाने धरत, अडखळत, दुसऱ्या प्रयत्नात तिला ते जमलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने वर पाहिलं. "हे कोण?"

"अगं वेडे, तुझी बहीण!" काउंटरवरची मुलगी म्हणाली.

थोरलीने बापाकडे पाहिलं. लेखक काचेच्या फ्रीजकडे बघत होता, तिथे काहीतरी फार महत्त्वाचं असावं तसा. मान वळवायचं धाडस त्याला होईना. पण ती आपल्याकडे बघते आहे, हे त्याला कळत होतं. मग तिचा आवाज आला.

"हो. तेच नाव आहे तिचं."

आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून तिने वर जोडलं, "मीच ठेवलंय."

"शाब्बास!" भट्टीवाला म्हणाला. "बापाच्या वरताण आहे पोरगी."

लेखकाला आयुष्यात बरेचदा लाज वाटली होती. शाळेत नापास झाला तेव्हा, सासऱ्यांसमोर खुर्ची मोडली तेव्हा. पण ती लाज लोकांपुढची होती, चार दिवसांत उतरली. ही वेगळी होती. काउंटरवर पाय लोंबकळत सोडून बसलेल्या त्या सहा वर्षांच्या पोरीने एका क्षणात ओळखलं होतं की बाप खोटं बोललाय, का बोललाय तेही बहुतेक ओळखलं होतं, आणि बापाची अब्रू झाकायला ती स्वतः खोटं बोलली होती. तेही न शिकवता.

"नाही," लेखक म्हणाला. तो त्यांच्याकडे वळला. "नाही. ते नाव नाही. मी थाप मारली होती." आणि काचेच्या आतल्या ट्रेकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे आहे."

सगळ्यांनी ट्रेकडे पाहिलं. मग भट्टीवाला फुटला. "अरे लेखका! रोज ट्रेभर लिहून हौस नाही फिटली?"

काउंटरवरची मुलगी ओढणीत हसली. मालकीणबाईंनी ओठ दाबून पाहिले, त्यांनाही आवरलं नाही. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. या नावाला कसं हसायचं ते लेखकानेच तर त्यांना शिकवलं होतं. आणि सगळे हसताना दिसल्यावर लेखकही हसला. त्याला हसायचं नव्हतं. पण या दुकानात त्या नावावर हसण्याची त्याच्या तोंडाला इतकी सवय होती की ते आपोआप फाकलं.

थोरली हसली नाही. तिने हातातलं बिस्किट काउंटरवर ठेवून दिलं आणि आपली आपण खाली उतरली.

मालकीणबाई पटकन सावरल्या. सपाट सुरीने त्यांनी केकवरचं नाव अलगद खरवडलं आणि ट्रेमधली एक पाटी उचलली. "थांब बाळा, आत्ता खरं नाव लावते."

"नको," थोरली म्हणाली. "नुसताच द्या."

घरी जाताना खोका लेखकाच्या हातात होता. एरवी रस्त्याच्या कडेने थोरली त्याचं बोट धरून चालायची. आज तिने दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरले होते.

"बाबा, ते नाव वाईट आहे का?"

"नाही गं. छान आहे."

"मग तू का हसलास?"

लेखकाने खोका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तुला आवडत नाही तर तू रोज का काढतोस?"

"काम आहे ते, बेटा. लोक मागतात म्हणून."

"मला वाटलं..." ती म्हणाली आणि थांबली. थोडं चालल्यावर म्हणाली, "बाळाला अजून काही कळत नाही. मी दुसरं शोधते. कुणी हसणार नाही असं."

ती समजूतदारपणे बोलत होती, चूक तिची असल्यासारखी. लेखकाला रस्त्यातच खाली बसावंसं वाटलं. एक थप्पड खाल्ली असती तरी बरं, पण हे नको, असं त्याला झालं. खोका हातात घेऊन तो तिच्या मागून चालत राहिला.

बायको बाळाला घेऊन आधीच आली होती. थोरली सरळ आतल्या खोलीत गेली. बायकोने खोका उघडला, खरवडलेली जागा पाहिली आणि विचारलं, "हे काय?" लेखकाने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, शेवटचं हसणंसुद्धा.

बायकोने खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मला काय सांगतोस? मी आवडीने हाक मारते तिला त्या नावाने. तू एकदा तरी मारलीस का?"

बाळाला लसीचा ताप येत होता. ते कुरकुरत होतं. लेखकाने हात धुतले, त्याला उचलून खांद्याशी घेतलं. हजारो केकांवर लिहिलेलं नाव, पण तोंडाने म्हणायचं तर सुरुवात कुठून करावी ते त्याला कळेना. चिमणे, म्हणून त्याने सुरुवात केली आणि थांबला. मग त्याने नाव घेतलं. आवाज अगदी लहान निघाला. त्याने पुन्हा घेतलं, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

बाळ कुरकुरतच राहिलं. आतल्या खोलीचं दार थोडं उघडलं. फटीतून थोरली बाळाकडे बघत नव्हती. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती, तो हसतोय की काय म्हणून.