मुशीत उरलेलं मीठ

मी मूस बोलतेय. चिनीमातीची, तळहातात मावेल एवढी, काठाला टवका उडालेली. दमले आहे, म्हणून आवाज बारीक आहे. जरा जवळ येऊन ऐका.

माझा जन्मच भट्टीतला. तिथून पेंढ्यात गुंडाळून मी बल्गेरियातल्या एका डोंगराखालच्या गावी, शाळेच्या प्रयोगशाळेत आले आणि त्सोन्का बाईंच्या हाती पडले. बाई जीवशास्त्र शिकवत. दर शरदात आठवीच्या पोरांपुढे मला तिवईवर ठेवायच्या आणि खालून ज्योत लावायच्या. कधी पावाचा तुकडा, कधी अंड्याचा बलक, एकदा तर कोंबडीचं पीस. धूर, घाण वास, मग काळा कोळसा.

"काळं पडलं ना? तो कार्बन," बाई सांगायच्या. "जिवंत शरीरं असले पदार्थ कार्बनच्या सांगाड्यावर रचतात. पिष्ट, प्रथिनं, चरबी. ही सेंद्रिय संयुगं. ती जळतात." मग चिमूटभर मीठ घालायच्या. ते तडतडायचं, पण पांढरंच राहायचं. "हे असेंद्रिय. पाणीही त्यातलंच, फक्त ते वाफ होऊन सटकतं. तुमच्या अंगात दोन्ही आहेत, म्हणून तर इथं बसून जांभया देताय."

पोरं हसायची. मला हसू यायचं नाही. माझ्यात घालाल ते जळायचं, उरेल ते खरवडलं जायचं. अशी तीस वर्षं गेली.

मग एका वर्षी आठवीत अकराच मुलं उरली. जिल्ह्याहून पेन्चेव नावाचे तपासनीस येणार होते. बाईंचा तास बघून ते ठरवणार होते, की आठवी गावात ठेवायची की पोरांना रोज बसने शहरात धाडायचं. आठवी गेली की प्रयोगशाळेला कुलूप, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बाई आठवडाभर धड जेवल्या नव्हत्या.

पाहुण्याला दारात पाव आणि मीठ द्यायची इथली रीत. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मिता मावशींनी पहाटे उठून पाव भाजला. साहेबांनी तुकडा मोडला, मिठात बुडवला आणि तोंडभर स्तुती केली. बाईंना वाटलं, याच ताटातला पाव आणि याच ताटातलं मीठ मुशीत घालावं. पाहुणाही खूश, धडाही पुरा.

पाव शहाण्यासारखा काळा पडला. मग तो कोळसा खरवडून मीठ घातलं. भसकन धूर निघाला आणि मीठही काळं ठिक्कर!

"बाई, मीठ जळलं!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. सगळा वर्ग खिदळला.

पेन्चेव साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, इतकी वर्षं हेच शिकवताय होय?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात मिता मावशींची नात झ्लातिना उठली. "बाई, आजीनं रंगीत मीठ ठेवलंय. त्यात चुब्रित्साची वाळकी पानं आहेत, लाल मिरचीची पूड आहे. जळलं ते तेच. मीठ कुठं जळलंय?"

"मग काय तर!" दारातून मावशी कडाडल्या. "पाहुण्याला नुसतं मीठ चाटवायला साहेब काय गुरं आहेत?"

बाईंनी कपाळावर हात मारला. जन्मभर त्याच मिठाशी पाव खाल्लेला. त्यात पानं आहेत हे डोळ्यांना दिसतच नव्हतं. "मग तापवत राहू," त्या म्हणाल्या आणि ज्योत मोठी केली.

घंटा झाली, पण कोणी जागचं हललं नाही. मी लालबुंद झाले. खरं सांगते, जीव नको नको झाला होता. पण अकरा तोंडं माझ्यावर झुकलेली आणि बाई चिमटा धरून उभ्या होत्या. मग कशी माघार घेऊ? काळ्याचं करडं झालं, करड्याचं पांढरट. बाईंनी घाईघाईनं मला गार फरशीवर ठेवलं आणि माझ्या कुशीत टक्कन तडा गेला.

निवल्यावर साहेबांनी बोट टेकवून जिभेला लावलं. "खारट," एवढंच बोलले.

आठवी राहिली.

राहिली ती तीन वर्षं. झ्लातिनाचा वर्ग तेवढ्यात पार पडला, ती शहरात गेली. मागची पोरंही आईबापांबरोबर गेली, आणि बाकावर बसायला कोणी उरलंच नाही. कुलूप लागलं त्या दिवशी बाईंनी मला खिशात घालून घरी आणलं.

तडा गेलेल्या मुशीत काही तापवता येत नाही. आता मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर रंगीत मीठ सांभाळत बसते. बाई एकट्याच जेवतात. पाव बुडवताना त्यांचा हात माझ्या काठाला लागतो. दिवसेंदिवस तो हलका होत चाललाय.

मला फरक तोंडपाठ आहे हो. बाई हाडामांसाच्या, मी भाजल्या मातीची. जाणार कोण आणि उरणार कोण, हे मीच इतकी वर्षं पोरांना दाखवलं. उरणं इतकं जड असतं, हे मात्र कोणी शिकवलं नाही.

एकच मागणं आहे. बाईंचं घर आवराल तेव्हा मला घासून लख्ख करू नका. पानं, मिरची, मीठ, सगळं तसंच माझ्यात राहू द्या आणि मला झ्लातिनाकडे पोचवा. तिच्या दारी पाहुणा आला, की मला पावाशेजारी ठेवा म्हणावं.