जहाजाचा पहिला शब्द

पार्सल नॉर्वेहून आलं होतं आणि त्यावर शांतवन त्रिभुवन हे नाव मराठीत होतं, चित्र काढावं तसं एकेक अक्षर गिरवलेलं. पोस्टमननं पुडकं दोनदा फिरवून पाहिलं.

"मिस्त्री, परदेशात कोन तुमचं?"

"कोनी न्हाई," शांतवन म्हणाले. पोस्टमन फाटकाबाहेर गेल्यावर मात्र त्यांना ती बाई आठवली.

आत निळी चपटी डबी होती. झाकणावर काळं आभाळ आणि त्यात आडवं पडलेलं काहीतरी अवाढव्य, डोंगर म्हणावं तर डोंगर नाही, इमारत म्हणावं तर इमारत नाही. डबीत दोन तबकड्या आणि इंग्रजीत चार ओळींची चिठ्ठी. शांतवन यांची मुलगी प्रार्थना श्रीरामपुरातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. ती घरी येईपर्यंत चिठ्ठी टेबलावर तशीच राहिली.

प्रार्थनानं ती उभ्यानंच वाचली. "पप्पा, सिनेमा आहे. 'झोपलेलं जहाज, भाग दुसरा.' त्या लिहितात, तुमची मिल आता या सिनेमात आहे. दुसरी तबकडी आधी बघा. खाली सही, आस्ट्रिड."

शांतवन खुर्चीत बसले. "मिल?" त्यांनी विचारलं. "मिल तर भंगारात गेली."

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात शांतवन यांनी चौतीस हंगाम मिल फिटर म्हणून काढले होते. जुन्या मिल हाऊसच्या अगदी शेवटच्या हंगामात ही बाई आली होती. उंच, उन्हानं लालबुंद झालेली, हातात मांजराच्या शेपटीसारखा केसाळ माईक. सिनेमासाठी आवाज गोळा करते, असं ऑफिसनं सांगितलं आणि तिला शांतवन यांच्या गळ्यात बांधलं, म्हणजे कुठं पट्ट्यात-बिट्ट्यात सापडायला नको. ती चार दिवस राहिली. पहिल्या दिवशी तिनं पाहिलं, की हा माणूस लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगला लावतो, दुसरं कानामागच्या हाडाला टेकवतो आणि डोळे मिटून आतली झीज ऐकत उभा राहतो. तिनं खुणेनं सळई मागितली. ऊस पिळणाऱ्या रांगेतल्या तिसऱ्या मिलच्या बेअरिंगला ती लावली, आणि नंतर बराच वेळ तिनं ती परत केली नाही.

कामगार हसले होते. शांतवन हसले नव्हते. चौतीस वर्षांत सळई मागून घेणारं ते पहिलंच माणूस होतं.

पुढच्या वर्षी मिल गॅस कटरनं कापली, ट्रकांत भरली आणि नेली. शांतवन त्याच वर्षी रिटायर झाले. कापायच्या दिवशी ते कारखान्यावर गेले नाहीत.

आता पंचाईत अशी, की तबकडी लावायची कशात? घरात टीव्ही भिंतीएवढा, पण तबकडी घालायला फट कुठेच नाही. प्रार्थनाच्या लॅपटॉपलाही नाही. शेवटी शांतवन स्टेशनजवळ चांदभाईंकडे गेले. चांदभाईंची एकेकाळी व्हिडिओ लायब्ररी होती. आता त्याच दुकानात मोबाईलची कव्हरं आणि दुरुस्तीला आलेले मिक्सर असतात, पण आतल्या खोलीत भाच्यानं दुबईहून आणलेला एक प्लेअर त्यांनी कापडात गुंडाळून ठेवला होता.

चांदभाईंनी डबी हातात घेतली आणि आधी हात पुसले. "असली वस्तू दुकानात येऊन धा वर्सं झाली," ते म्हणाले. मग कपाळाला आठी घालून त्यांनी कडेचा आकडा पाहिला. "पर मिस्त्री, हा दुसरा भाग हाय. पहिला पायला का?"

"न्हाई."

"मग कसं समजनार? बसा, मी सांगतो."

आणि त्यांनी मिक्सर बाजूला सारून सांगितलं. पृथ्वी राहण्याजोगी उरत नाही. थोडे लोक निघतात, भटकत भटकत एका चंद्रावर उतरतात. तिथं डोंगराएवढं जहाज पडलेलं. कुणी बांधलं, कधी बांधलं, कुणालाच माहीत नाही. दार उघडं असतं. लोक आत राहायला लागतात, गुहेत राहावं तसे. लेकरं होतात, म्हातारे मरतात, शंभर वर्षं जातात. जहाज हलत नाही की बोलत नाही. शेवटी एक पोरगी भिंतीला कान लावते आणि दचकून मागं सरकते.

"काय ऐकू येतं तिला?"

"तेच तर," चांदभाई म्हणाले. "सिनेमा तिथंच संपतो. पाच वर्सं झाली, मी वाट बघतोय."

रविवारी चर्चहून शांतवन आणि प्रार्थना थेट दुकानात गेले. चांदभाईंनी शटर अर्धं ओढून घेतलं, प्लेअर जोडला आणि दोन मोठे स्पीकर टेबलावर मांडले. चिठ्ठीत सांगितलं होतं तशी दुसरी तबकडी आधी. तिच्यात सिनेमा नव्हता, सिनेमा कसा केला ते होतं. कपडे शिवणाऱ्या बाया, हाताएवढं जहाज रंगवणारा माणूस. मग एका लहान खोलीत आस्ट्रिड दिसली. केस पिकले होते.

प्रार्थना वाक्यावाक्याला मराठीत सांगत होती. "त्या म्हणतात, पहिल्या भागात जहाज गप्प होतं, ते सोपं होतं. दुसऱ्यात ते जागं होतं. दिग्दर्शक म्हणाले, याचा आवाज यंत्राचा नको आणि जनावराचाही नको. दोन वर्षं सापडत नव्हता. मग आस्ट्रिडना भारतातल्या एका कारखान्याचं रेकॉर्डिंग आठवलं."

आस्ट्रिडनं एक बटण दाबलं आणि दुकानातल्या काचा थरथरल्या. पडद्यावर जहाजाच्या पोटात दिवे एकेक करून लागत होते, आणि खालून, कुठून तरी फार खोलातून, श्वास घेतल्यासारखा आवाज येत होता. तिनं एकावर एक चढवलेले आवाज सुटे करून दाखवायला सुरुवात केली. पहिल्यांदा वाफेचा. मग दातेरी चाकांचा.

शांतवन उठले. डावा कान मिलनं केव्हाच नेला होता, म्हणून त्यांनी उजवा कान पुढं केला आणि तळहात टेबलावर स्पीकरशेजारी ठेवला.

"तीन नंबर," ते म्हणाले.

प्रार्थनानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याच क्षणी आस्ट्रिड बोलली आणि प्रार्थनानं ते मराठीत सांगितलं. "हे जहाजाचं हृदय, असं म्हणतात त्या. तिसऱ्या मिलची धडधड. तिथल्या फिटरनं मला ती सळईतून ऐकवली."

ठक्. आणि मग किंचित उशिरा, ठुक्. वरच्या रोलरचं बेअरिंग डावीकडून झिजलं होतं. शांतवन यांनी तीन हंगाम ते बदलून मिळावं म्हणून अर्ज केले होते, रोज त्याला शिव्या दिल्या होत्या, आणि मिल गेल्यानंतर कितीतरी दिवस जेवताना, अंघोळ करताना ते कानात वाजत राहिलं होतं. हळूहळू ते विसरलं गेलं. आज तीच झीज एका चंद्रावर पडलेल्या जहाजाला जिवंत करत होती. कापलेलं, वितळवलेलं लोखंड. त्यांच्या तळहाताखाली टेबल हलत होतं, जसा मिल हाऊसचा कठडा हलायचा.

"थांबवू का, पप्पा?"

"नको."

पडद्यावर जहाजानं पहिल्यांदा हाक मारली. ती एवढी मोठी होती, की चांदभाई नकळत दोन पावलं मागं सरले. आभाळच गळा साफ करून बोलतंय असं काहीतरी. आस्ट्रिड हसली आणि म्हणाली, हा जहाजाचा पहिला शब्द. हा मी लांबवला आहे, आता उलटा आखडून दाखवते. तिनं एक चाक फिरवलं. गडगडाट आवळत आला. डोंगराचा आवाज हत्तीचा झाला, हत्तीचा बैलाचा, बैलाचा माणसाचा. आणि चाक थांबलं तेव्हा दुकानात एक माणूस ओरडत होता.

"येऊंऽऽ द्याऽऽ!"

नंतर लगेच, माईकजवळ, हलक्या आवाजात तोच माणूस म्हणाला, "शांतवन, च्या आला बग," आणि खोकला.

आस्ट्रिड पुढं बोलत होती. प्रार्थना तिचेच शब्द मराठीत सांगत होती, की या शब्दाचा अर्थ 'येऊ द्या', असं मला तिथंच कळलं. याहून चांगला पहिला शब्द कोणत्या जहाजाला मिळाला असता? या माणसाचं नाव मात्र मी विचारून ठेवलं नाही, त्याची मला आजही लाज वाटते.

चांदभाईंनी स्टूल पुढं केलं, त्यावर शांतवन बसले.

"कोन हुता?" चांदभाईंनी विचारलं.

"गोरक्ष," शांतवन म्हणाले. "गव्हाणीवर हुता."

गव्हाण म्हणजे ऊस जिथून आत येतो ती जागा. मिल मोकळी झाली, की गोरक्षनाथ तिथं उभा राहून हाक द्यायचा आणि उसाचा पट्टा सुरू व्हायचा. त्या गदारोळात दुसऱ्या कुणाचाही आवाज दहा पावलं जायचा नाही, त्याचा साऱ्या कारखान्याला ऐकू जायचा. कोविडच्या दुसऱ्या वर्षी तो गेला. शांतवन यांना त्याच्या मातीलाही जाता आलं नव्हतं.

"त्याच्या बायकोला हे ऐकवाया पायजे," ते म्हणाले.

चांदभाईंनी प्लेअर परत कापडात गुंडाळला, स्पीकर उचलले आणि व्हॅनची किल्ली घेतली.

गोरक्षनाथची बायको मुक्ताबाई कोपरगावच्या अलीकडे, गोदावरीच्या काठच्या वस्तीवर राहत होती. दुपारी तीनच्या सुमाराला हे तिघं पोचले. मुक्ताबाई शेंगा फोडत बसली होती. शांतवन यांना पाहून तिनं पदर सारखा केला. "भाऊजी, लई दिसांनी," एवढंच म्हणाली आणि पाणी आणलं. चांदभाईंनी तिच्या टीव्हीला तारा जोडल्या, स्पीकर लावले. शांतवन यांनी सगळं समजावून सांगितलं, मिल, बाई, जहाज. मुक्ताबाईला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. ती भिंतीला टेकून सरळ बसली.

आस्ट्रिडनं चाक फिरवलं. गडगडाट आखडत आखडत माणसाचा झाला.

"येऊंऽऽ द्याऽऽ!"

प्रार्थनानं तिथंच थांबवलं. मुक्ताबाईनं मान हलवली.

"हे ते न्हाईत," ती म्हणाली.

"वहिनी, मी शेजारी उभा हुतो."

"आसाल. पर त्यांचा आवाज असा नव्हता, भाऊजी. तीस वर्सांत त्ये घरात मोठ्यानं बोलले न्हाईत. पोरांवरबी कदी वरडले न्हाईत. शेजारनी मला म्हनायच्या, मालक घरात हायेत का न्हाईत तेच कळत न्हाई."

गोरक्ष घरी असा होता हे शांतवन यांना ठाऊक नव्हतं. कारखान्यात तर भोंगा बंद पडला तरी चालेल, गोरक्ष आहे, असं सगळे म्हणायचे.

"पुढचं लाव," ते प्रार्थनाला म्हणाले.

"शांतवन, च्या आला बग." मग खोकला. दोन छोटे आणि एक लांब.

मुक्ताबाईचा हात शेंगांच्या सुपावर होता तिथंच राहिला. ती म्हणाली, "हां. हे त्ये."

"आता मागचं परत लाव, बाई," तिनं प्रार्थनाला सांगितलं.

प्रार्थनानं लावलं. या वेळी मुक्ताबाई पुढं वाकून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत राहिली. हाक संपल्यावर तिनं पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. चौथ्या वेळी ती हळूच हसली.

"असं वरडायचे?"

"रोज," शांतवन म्हणाले. "नदीच्या पल्याड जायचा आवाज."

"आन् घरी यिऊन गप बसायचे." ती टीव्हीकडे बघत राहिली. "मला वाटायचं, मानसाला बोलायचीच आवड न्हाई. त्येंचा आवाज तिकडंच सरत हुता व्हय. कारखान्यात बायांना येऊ देत नव्हते, न्हाई तर मी एकदा आले असते ऐकाया."

मग तिनं विचारलं, "ह्ये जहाज केवढं हाय?"

चांदभाईंनी अंदाज बांधला. "इथून धरलं तर श्रीरामपूरच्या पुढं जाईल, भाभी."

"आन् त्यांच्या हाकेनं उठतं?"

"तुम्हीच बघा," चांदभाई म्हणाले आणि पहिली तबकडी घातली.

सगळ्यांनी मिळून सिनेमा अख्खा पाहिला. मुक्ताबाईला भाषा कळत नव्हती, पण तिनं मधे एकदाही विचारलं नाही. अंधाऱ्या चंद्रावर शंभर वर्षं पडलेल्या त्या धुडात पहिला ठोका पडला, ठक्, ठुक्, आणि घरावरचे पत्रे बारीक वाजायला लागले. आत राहणारी माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. जहाजानं हाक दिली. मुक्ताबाईनं डोक्यावरून पदर घेतला. शेजारच्या घरातून दोघी-तिघी बाया काय झालं म्हणून दारात आल्या आणि पडद्यावर ते जहाज जमिनीपासून सुटून वर निघालेलं पाहून तिथंच खिळल्या. शांतवन यांना वाटलं, आपण चौतीस वर्षं ज्याला साखरेचा कारखाना समजत होतो, ते आपल्याला नीट दिसलंच नव्हतं.

सिनेमा संपल्यावर पांढरी नावं खालून वर जाऊ लागली. ती पुष्कळ होती. मुक्ताबाईनं प्रार्थनाला विचारलं, "ह्यात त्यांचं हाय का?"

"नाही, काकू. त्या बाईंना नाव माहीत नव्हतं."

"मग कळीव की तिला."

प्रार्थनानं मोबाईल काढला. मुक्ताबाई तिच्याजवळ सरकून बसली आणि सांगू लागली, आणि प्रार्थना तिच्या शब्दांचं इंग्रजी करत टाईप करत राहिली. त्यांचं नाव गोरक्षनाथ. गव्हाणीवर एकोणतीस हंगाम. चहात साखर घेत नसत.

"अजून काय लिहू?"

मुक्ताबाईनं थोडा विचार केला. "लिही, आवाज मी वळखला. आदी वळखला न्हवता, मग वळखला."