सैमाची फुलं

धाकट्या बहिणीच्या रानात ट्रिलियम फुललं की हेल्मीच्या पोटात दुखायला लागायचं, आणि ते लपवायची तसदीही ती घेत नसे. बापानं मेपलचं रान दोघींत वाटलं होतं. तळ्याकाठचा तुकडा थोरल्या हेल्मीला, टेकडीवरचा सैमाला. दर मे महिन्यात टेकडी तीन पाकळ्यांच्या पांढऱ्या फुलांनी भरून जाई. चर्चमधली झाडून सगळी मंडळी बघायला जात आणि सैमा त्यांना कॉफी नि वेलदोड्याचा पाव खिलवी. हेल्मीच्या झाडांखाली मात्र अंगण झाडल्यासारखी उघडी, काळी माती. "बाबांचा जीव धाकटीवर," असं ती चाळीस वर्षं ऐकवत आली होती.

त्या वसंतात विद्यापीठातली एक मुलगी रानांची माती तपासायला आली आणि तिनं हेल्मीच्या रानात मोहरीची पूड कालवलेलं पाणी ओतलं. मिनिटभरात गांडुळं वळवळत वर आली.

"ही इथली नव्हेत, आजी," ती म्हणाली. "या उत्तरेच्या रानांत गांडुळं मुळात नव्हतीच. पानांची जाड गादी साचते ना, तिच्यात फुलांचं बी रुजतं. ही ती गादीच खाऊन टाकतात. जुनी रोपं काही वर्षं फुलत राहतात, पण नवी उगवत नाहीत, आणि एकदा शिरलेली गांडुळं परत काढता येत नाहीत. घरात कुणी मासे धरायचं का?"

हेल्मीचा नवरा रेइनो धरायचा. दर रविवारी गळाची उरलेली गांडुळं तो झाडांखाली सोडायचा. "जगू देत बिचारी," म्हणायचा, "मातीलाही बरी." हेल्मीला तेव्हा त्याचं मन किती मोठं वाटायचं!

मेलेल्या माणसावर रागावून काय होणार? मग राग निघाला तो टेकडीच्या दिशेनं. कर्म आपल्या घरचं, आणि मिरवायचं मात्र सैमानं! दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्मीनं डबाभर गांडुळं गोळा केली आणि ती टेकडी चढली. दोघींचं एकदा सारखं झालं की कुणाला कुणाचं खुपायला नको, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

सगळ्यात दाट फुलं होती तिथं ती गुडघे टेकून बसली. डबा उघडायच्या आधी तिनं वरवरची चार पानं बाजूला केली, तर खाली गादी नव्हतीच. कॉफीच्या चोथ्यासारखी दाणेदार माती हाताला लागली. तिच्या रानात होती तशीच. त्यातून एक गांडूळ सरकलं.

"ताई? गुडघे दुखतात म्हणतेस नि इथं काय शोधतेस?" मागून सैमा आली. हेल्मीनं डबा झग्याखाली ओढला.

"सैमा, ही माती कुठली?"

सैमा कानापर्यंत लाल झाली. "कळलं तर तुला! चोरली मी. तीन वर्षं, दर पानगळीत. तू चर्चला गेलीस की तुझ्या रानातून बादल्या भरून आणायची. तुझी माती कशी काळी, भुसभुशीत! माझ्याकडे नुसता पालापाचोळा. चांगली जमीन बाबांनी तुलाच दिली, हे मला जन्मभर टोचतंय गं. म्हटलं, फुलं आणखी जोमानं येतील."

हेल्मीला हवं होतं ते तिच्या आधीच होऊन गेलं होतं. तिला रडू कोसळलं.

"अगं, चार बादल्या मातीसाठी रडतेस? उद्या परत आणून टाकते."

"नाही आणता येत गं," हेल्मी म्हणाली.